म्हाताऱ्या लॅपटॉपचा पंखा

फार वर्षं झाली नाहीत, पण लॅपटॉपच्या मानाने युग लोटलं. घरातल्या टेबलावर सुट्या आणलेल्या स्क्रीन, बॅटरी आणि मदरबोर्डने ठरवलं, आपणच जुळून नवा लॅपटॉप व्हायचं.

शेजारचा म्हातारा लॅपटॉप म्हणाला, "पोरांनो, आपल्यात प्रत्येकाचं माप वेगळं. एकाचं दुसऱ्याला बसत नाही."

"बसवून घेऊ. तुमचा पंखा तेवढा द्या," मदरबोर्ड म्हणाला.

पोरं उभी राहतील, या आशेने म्हाताऱ्याने पंखा काढून दिला. तो बसेना, म्हणून त्यांनी कानशीकडून त्याच्या कडा घासून घेतल्या. तरी बसेना.

"नाही जमत, आजोबा. घ्या तुमचा तुम्हाला," स्क्रीन ओशाळून म्हणाली.

घासलेला पंखा आता म्हाताऱ्यालाही बसेना. तापत तापत म्हातारा "असू दे" म्हणाला आणि बंद पडला.

तेव्हापासून त्या टेबलावर सगळे सुटेच आहेत.