वेशीबाहेरचा विस्तव

“मगे मी कोण, बाबानू? तुमीच सांगा!”

भिवा परब तावातावाने विचारत होता. मठाचे म्हातारे बाबा, रवळोबा, खोपीपुढे बसून नाचणीची भाकरी मोडत होते. त्यांना घाई कशाचीच नसे.

गावपळण चालू होती. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की सारं हिरळे गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतं. झावळ्यांच्या खोपी बांधून राहतं आणि परतीचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकत नाही. मठाच्या धुनीतला विस्तवही मडक्यातून बाहेर नेतात. ज्याच्या हाती ते मडकं, त्याच्याकडेच बाबांच्या मागे मठ जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

यंदा मडकं सुभानाच्या हाती होतं.

सुभाना घाटावरचा. धरणात गाव बुडालं, घरची माणसं पांगली आणि हा फिरत फिरत मठात आला. भिवा मात्र लहानपणापासून मठाचं अंगण झाडत होता. हेव्याने त्याला अन्न गोड लागेना. सुभानाने नुसती राख फुंकली तरी याच्या पोटात दुखे.

“माझे आजे-पणजे ह्याच मातयेत गेले. ह्यो कालचो इलेलो. भायरलो! ह्येच्या हातात इस्तो कित्याक?”

बाबांनी तुकडा तोंडात टाकला.

“आज गावात कोण आसा रे?”

“कोणच नाय.”

“मगे भायरलो कोण?”

भिवाने उत्तरासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारच्या गावचा बागवाला म्हशी हाकत आला. “ओ पावण्यानू, जरा सरकान बसा. ही आमच्या ढोरांची वाट.”

‘पावण्यानू’ ऐकून भिवाचे कान तापले. पण सरकला. जमीन त्या माणसाची होती.

“ता ऱ्हवांदे,” म्हशी गेल्यावर भिवा तणतणला. “परतीचो कौल झालो काय मी माझ्या घरात. ह्यो खंय जातलो? ह्येका खंयचो देव कौल देतलो?”

बोलून गेला खरा…

सुभाना खोपीआडच होता. मडकं घेऊन तो पुढे आला. त्याचा आवाज चढला नाही.

“उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा कळस दिसतो, भिवादा. मी काठावरनंच हात जोडून येतो. कौल लावायला गुरव न्हाई, आन् आत जायाला वाट न्हाई.”

भिवाने मान खाली घातली. लाज वाटली त्याला. पण नजर मडक्यावरून हलेना. हेवा असा सहज विझत नाही.

रवळोबांनी ते पाहिलं. हात झटकून उठले. सुभानाच्या हातून मडकं घेतलं आणि भिवापुढे धरलं.

“घे. तुका होयो ना?”

भिवाचे हात झटकन पुढे आले. कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला. त्याने मडक्याला दोन्ही बाजूंनी धरलं.

बाबांनी मडकं सोडलं नाही.

“इस्तो घे. पण नुसतो नाय मिळाचो… सुभानाचो बुडालेलो गाव पण घे.”