दोन वाट्या, एक घंगाळ

फार पूर्वी, घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एकच पाट. पाटाचं पाणी आधी वरच्या मळ्याला मिळे, मग तितकाच वेळ खालच्या मळ्याला. वेळ मोजायला प्रत्येक मळ्याची एक तांब्याची वाटी होती. वाटीच्या तळाला बारीक छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. दोन्ही वाट्या एकाच तांबटाने, एकाच मापाने घडवल्या होत्या.

खालच्या मळ्याची वाटी सांभाळणाऱ्याला सगुणा नावाची मुलगी होती. ती गुरुजींच्या शाळेत जाई आणि गणितात रमून जाई. पण गावची रीत अशी, की मुलींनी बेरीज-वजाबाकी शिकून घरी बसायचं. त्रैराशिक सुरू झालं की वर्गात मुलगेच उरत. सगुणाचीही शाळा सुटली. तिने वडिलांकडे हट्ट धरला. वडील म्हणाले, कुणाचीच मुलगी पुढे शिकत नाही, आपण वेगळं कसं वागायचं? सगुणाला ते पटलं नाही.

त्या उन्हाळ्यात खालच्या मळ्यातला कांदा वाळू लागला. खालचे म्हणत, आमचं पाणी चोरीला जातं. वरचे म्हणत, तुमची जमीनच खादाड. भांडण चावडीवर गेलं. जाणत्यांनी हिशेब तपासला. दोन्हीकडच्या घटका अगदी सारख्या होत्या.

वडिलांबरोबर आलेली सगुणा म्हणाली, "दोन्ही वाट्या एकाच घंगाळात सोडून बघू या का?"

पाटील हसले. "अगं, जुळ्या बहिणींची उंची कशाला मोजतेस?"

"मोजल्याशिवाय जुळ्या कशावरून, पाटीलबाबा?"

चावडीवर खसखस पिकली. वडील तिला दटावणार होते, पण चावडीवरच्या पाण्याच्या घंगाळाकडे त्यांची नजर गेली, आणि ते उठून आपली वाटी घेऊन आले. वरच्यांनीही आपली आणली.

वाट्या एकदम सोडल्या. खालच्या मळ्याची वाटी बुडाली, तरी वरच्या मळ्याची खुशाल तरंगत होती. वरचा एक शेतकरी म्हणाला, पोरीने हाताने दाबली. सगुणा म्हणाली, मग काका, तुम्हीच सोडा. त्याने सोडल्या, पुन्हा तेच झालं. पाणी बदलून पाहिलं, तरी तेच.

मग तिने दोन्ही वाट्या उन्हात धरून दाखवल्या. खालची वाटी वर्षानुवर्षं राख-चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली. तिचं छिद्र झिजून मोठं झालं होतं. वरच्या वाटीला कुणी हातच लावला नव्हता. क्षार साचून तिचं छिद्र बुजत चाललं होतं. त्यामुळे खालच्यांची घटका आखूड आणि वरच्यांची लांब झाली होती. चोर कुणीच नव्हता.

पाटलांनी विचारलं, "मग खालच्यांना किती पाणी कमी पडलं, तेही सांग."

सगुणाने मान खाली घातली. "ते मला येत नाही. त्याला त्रैराशिक लागतं. ते सुरू झालं तेव्हा मला घरी बसवलं."

ज्यांना त्रैराशिक येत होतं, त्यांना वाट्या ताडून बघायचं सुचलं नव्हतं. जिला सुचलं, तिला त्रैराशिक शिकू दिलं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, उत्तर मी आत्ता काढून देतो. तेव्हा वडील उभे राहिले. "नको गुरुजी. हिला शिकवा. ही सांगेल."

"आणि रीत?" मागून कुणीतरी विचारलं.

"रीत पाळली, कांदा वाळला," वडील म्हणाले.

तोवर दोन्ही मळ्यांची वेळ एकाच वाटीवर मोजायची ठरली. सगुणा पुन्हा शाळेत जाऊ लागली. शिकून झाल्यावर तिने चावडीच्या फरशीवर खडूने सगळं गणित मांडलं. वरच्या मळ्याच्या मुलांनी ते तपासलं आणि एक चूक काढली. तिने ती पुसून दुरुस्त केली. मग उत्तर सगळ्यांना मान्य झालं, आणि पुढच्या हंगामात वरच्यांनी तेवढं पाणी खाली जास्तीचं सोडलं.

मोठी झाल्यावर पाटाची सगळी मोजणी सगुणाकडे आली. आणि त्रैराशिकाच्या वर्गात मुलींची एक रांग बसू लागली; त्यांतल्या काहीजणी तर तिच्याही चुका काढत.

तात्पर्य एवढंच: मुलींचं शिक्षण मध्येच थांबवलं, तर गावाच्या प्रश्नांची उत्तरंही मध्येच थांबतात.