उंच होत गेलेले घरटे

मुलांनो, दूर फ्रान्स देशात, समुद्राजवळच्या पाणथळ मुलखात मारान जातीची एक कोंबडी राहत असे. ही जात अंगाने भारी. लोक ती अंड्यांसाठी पाळत आणि मांसासाठीही. कोंबडी काळीभोर होती, तिच्या पायांवरसुद्धा पिसे होती आणि अंडी मात्र चिंचोक्यासारखी गर्द तपकिरी. खुराड्यातली अंडी रोज उचलली जात. म्हणून यंदा तिने कालव्याकाठच्या लव्हाळ्यात गुपचूप घरटे केले आणि सात अंड्यांवर ती बसून राहिली. समोरच्या झाडावरचा कावळा त्या अंड्यांवर डोळा ठेवून होता.

विसाव्या दिवशी सकाळी कालव्याला पूर आला. कावळा हरखला. "अगं वेडे, पळ! बांध जवळच आहे. जगलीस तर अंडी पुन्हा घालशील."

"उद्या पिल्ले बाहेर यायची आहेत," कोंबडी म्हणाली. "आत्ता उठले, तर ती आतल्या आत गारठतील."

पाणी घरट्याला लागले. कोंबडीने बसल्या जागेवरून मान ताणली, लव्हाळ्याची एक काडी उपटली आणि अंड्यांखाली सारली. मग दुसरी, मग तिसरी. पाणी बोटभर चढले, की घरटेही बोटभर चढे. तिची शेपटी भिजली, चोचीतून रक्त आले, तरी ती थांबली नाही. दुपारी मात्र जवळची लव्हाळी संपली. तिने मान खूप ताणली. पण चोच पोहोचेना. पाणी कडेच्या अंड्याला शिवले.

कावळा सकाळपासून उपाशी होता, पण भूक कुठे गेली ते त्याला कळलेच नाही. असे काही त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो भर्रकन उडाला आणि बांधावरचे वाळके गवत आणून त्याने तिच्यापुढे टाकले.

कोंबडी दचकली. "तू?"

"हो, मीच. बोलत बसू नकोस, गवत घे!"

संध्याकाळी पाणी थांबेपर्यंत त्याने कितीतरी खेपा घातल्या.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात एक तपकिरी कवच आतून टकटकले. भिजलेले अंडे तसेच राहिले. बाकी सहांतून सहा ओली, लटपटती पिल्ले बाहेर आली. कावळा श्वास रोखून पाहत होता. मग कोंबडीपुढे त्याने आपोआप मान लववली.

तात्पर्य : जीव ओतून केलेली राखण पाहिली, की लुटायला आलेलाही मदतीला धावतो.