दादासाहेबांचं ताट

त्या दिवशी चिखलदऱ्यात धुकं असं उतरलं होतं, की पडवीतून कुंपणसुद्धा दिसेना. गारठा होता, पण माझं डोकं तापलेलं. आमच्या मंडळींचे, म्हणजे कौसल्येचे, थोरले बंधू दादासाहेब मुक्कामाला आले होते. निवृत्त तहसीलदार माणूस. आल्याआल्या बहिणीला हुकूम सोडला, "कौसे, वजन फार वाढलंय. दुपारचं जेवण बंद. काळी कॉफी पी. चरबी जळते, भूक मरते." आणि स्वतः मात्र तिच्याच हातचं भरीत-भाकरी रोज हाणत होते.

बिचारीला उभ्या उभ्या भोवळ यायची. जेव म्हटलं, की म्हणायची, "दादा शिकलेला आहे. तुम्हाला काय कळतं?"

त्या दुपारी पडवीत वाढायला मीच उठलो. दादासाहेबांपुढे काळ्या कॉफीचा कप तेवढा ठेवला.

"आप्पा, ताट कुठंय?"

"कशाला? भूक मरेल की आता."

"अहो, कॉफी गुणाची आहे, पण ती काय जेवणाची जागा घेते? उपाशी माणूस भोवळ येऊन पडेल!"

"हेच जरा स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं बोला. माझं ती ऐकत नाही."

दादासाहेबांनी मान वळवली. कौसल्या दाराची चौकट धरून उभी होती. खाली बघत ते म्हणाले, "कौसे, आधी तू जेव."

तेवढ्यात धुक्यातून, कुंपणापलीकडून शेजारच्या तुळशीरामचा आवाज आला, "आप्पा, ती कॉफी थोडी उसनी द्या. उद्या आमचे मेव्हणे येताहेत."