बिनतारेचा गंधार

ही गोष्ट शपथेवर खरी. मी तिथंच बसलो होतो. तसा तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, ते सोडा.

फार पूर्वी एका तंबोऱ्यात चार तारा राहायच्या, एक पंचमाची आणि तीन षड्जाच्या. त्या नीट जुळल्या की त्यांच्यात पाचवाच कुणी गुणगुणायचा. तो गंधार, सा-रे-ग मधला ग. त्याला ना तार, ना खुंटी.

"कुणाच्या परवानगीनं वाजतोस रे?" पंचमाची तार फणकारली. "मैफल आमची. चालता हो."

गंधाराला जायला दुसरं घरच नव्हतं. तरी तो म्हणाला, "नाही जात. मला काढायचं तर तुम्हालाच बेसूर व्हावं लागेल, आक्का."

"होऊ की," म्हणत चौघी हट्टानं सैल पडल्या. गंधार विरून गेला. पण गवईबुवांना षड्जही सापडेना, आणि श्रोते चपला शोधू लागले.

बुवांनी घाईघाईनं खुंट्या पिळल्या. तारा जुळल्या, तोच आतून आवाज आला, "आलो बरं का, आक्का."

तारा बोलल्या, हे मात्र मी रचलं. गंधाराचं खोटं वाटत असेल, तर जुळलेल्या तंबोऱ्याला कान लावा.