नारळासारखं वाढव

सोनकीच्या परकराला एकवीस ठिगळं आणि झोपडीच्या छपराला त्याहून जास्त भोकं! आई मोळ्या विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. पण पोर अशी दिलदार, की आपल्या भाकरीतली चतकोर रोज माळावरच्या सशांना घालायची.

एके सकाळी कोल्ह्याने त्यांतलं तिचं लाडकं इवलुसं पिल्लू पळवलं. सोनकीने भोकाड पसरलं. तोच तेरड्याच्या गुलाबी फुलांतून चमचम करत टिकलीएवढी परी उतरली. पंख जांभळे, कांडी चांदीची.

"रडू नको, बाळा. तीन इच्छा माग. पण प्रत्येक वेळी 'वाढव' असंच म्हणायचं. 'कमी कर', 'परत घे' चालणार नाही. आणि ही कांडी आहे तोवर दिलेलं टिकेल."

"मग माझे ससे वाढव! कोल्हा-घार फिरकणार नाहीत असे वाढव!"

छुम्! माळभर ससेच ससे, मऊमऊ, भुरेभुरे. सोनकी आनंदाने नाचली. पण आठ दिवसांत गवताची काडी उरली नाही.

"गवत वाढव!" माळ पाचूसारखा हिरवागार झाला. सशांनी तोही फस्त केला, आणि ते दुप्पट झाले. बसायला जागा नाही, म्हणून एकमेकांना चावू लागले. खरूज एकाची दुसऱ्याला लागली. एक टिल्लू पिल्लू सोनकीच्या मांडीवर धापा टाकू लागलं.

"अगं परी, यांना कोणी खात नाही, तरी मरतायत गं!"

"माळ केवढा, गवत केवढं! कोल्हा एखादं पिल्लू न्यायचा, तेव्हा बाकीच्यांना घास उरायचा. जाऊ दे, आता शेवटची इच्छा. स्वतःसाठी माग ना. धान्य वाढव म्हण."

सोनकीच्या पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता. तरी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नको मला तुझं धान्य! आणि तुझा नियमही मोडत नाही, बरं का!" तिने रानदेवीच्या दगडाकडे बोट केलं. "आई तिथे नारळ वाढवते ना, तश्शी तुझी कांडी वाढव!"

आपल्याकडे देवापुढे नारळ फोडला म्हणतात का? छे, वाढवला म्हणतात! परीला हे कुठलं ठाऊक? ती आधी गोंधळली, मग दगडापुढच्या फुटक्या करवंट्या पाहून खुदकन हसली. "हरले गं बाई तुझ्यापुढे!"

खट्! दगडावर कांडीचे दोन तुकडे झाले. जादूचे ससे धुक्यासारखे विरले. खरे होते तेवढे उरले, त्यात ते टिल्लूही होतं. दूर कोल्हा ओरडला. सोनकीला पुन्हा रडू आलं, पण ती मागे हटली नाही.

परीने पदराआडून इवलीशी दुरडी काढली. "ही कांडीची नाही, माझ्या मायेची. यात रोज दोघींपुरत्या भाकऱ्या निघतील. जास्त नाही हं."

"आणि माझ्या सशांची चतकोर?"

सोनेरी उजेड लखलखला, त्यात हसू किणकिणलं, आणि परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सोनकीने दुरडी उघडली. आत गरमागरम भाकऱ्या होत्या. दोन, आणि वर एक चतकोर.