नदीनं ठेवून घेतलेली वर्षं

त्या मुलुखात नदी ओलांडणाऱ्याचं एक वर्ष नदी ठेवून घेई. माणूस अलीकडून ओंडक्यांच्या ताफ्यावर चढे तेव्हा पंचविशीचा असला, तर पलीकडे उतरताना सव्वीस वर्षांचा असे, आणि परत आला की सत्तावीसचा. नदी फार रुंद नव्हती. या काठावरची हाक त्या काठावर स्पष्ट ऐकू जाई, म्हणून लोक हाकांवरच भागवत. मीठ आणि धान्य वरच्या दोरावरून टोपल्यांत जाई-येई. माणसं मात्र जात नसत. ताफा ओढायचा जो दोर काठाकाठाला बांधलेला होता, त्याला हात लावायलाही लोक कचरत.

जाई ती फक्त आवडी. ती अलीकडच्या काठावरची सुईण. पलीकडची म्हातारी सुईण वारली आणि तिच्यामागे कुणी ही विद्या शिकलेलं नव्हतं. पहिली हाक आली तेव्हा आवडी एकोणीस वर्षांची होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती गेली, बाळ-बाळंतीण सुखरूप झाली, आणि ती एकविशीची होऊन घरी आली. निघताना तिनं सांगितलं होतं, "एखादी मुलगी माझ्या हाताखाली द्या. शिकवून ठेवते."

"पुढच्या खेपेला बघू," पलीकडचे म्हणाले.

अशा वीस खेपा झाल्या. दर वेळी ती तेच सांगे, दर वेळी ते तेच म्हणत. सात वर्षांत आवडीचे केस पांढरे झाले, पाठ वाकली. तिचा नवरा मल्हारी कधी नदीवर गेला नव्हता. तो सत्तावीस वर्षांचाच होता.

एकदा दोघं बाजारात गेली असताना परगावचा एक कासार म्हणाला, "दादा, आईच्या हाताला या हिरव्या शोभतील बघा."

मल्हारी काहीच बोलला नाही. तो दुसरीकडे बघत राहिला. आवडीनं निमूट हात पुढे केला, बांगड्या भरून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी पलीकडून भिवाजीची हाक आली. "आवडीआजी! आमच्या सुनेला, कौतिकाला कळा सुटल्यात. बाळ आडवं आलंय!"

ती काठावर पोचली तेव्हा मल्हारी ताफ्यासमोर उभा होता.

"या वेळी नको," तो म्हणाला. "अंगात किती जीव उरलाय तुझ्या?"

"कौतिका एकोणीस वर्षांची आहे हो."

"तूही एकोणीस वर्षांचीच होतीस."

आवडीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "सरका," ती म्हणाली, आणि तो सरकला.

दोन दिवस पलीकडून काही कळलं नाही. भिवाजीच्या घरातून कधी कण्हणं ऐकू येई, कधी तेही थांबे. थांबलं की मल्हारी काठावर उठून उभा राही. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता बाळाचा टाहो ऐकू आला. थोड्या वेळानं आवडी पाण्याजवळ आली.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत," तिनं सांगितलं. मग ती थांबली. त्या नदीवर हळू आवाजात सांगण्याची काही सोय नव्हती. जे सांगायचं ते दोन्ही काठांना ऐकू जाणार होतं. "अहो, मी आता इकडेच राहते. तुम्ही दुसरं लग्न करा."

मल्हारीनं रिकामा ताफा दोरानं अलीकडे ओढून घेतला. तो ताफ्यावर चढला आणि त्यानं दोर धरला.

तो पलीकडे पोचताच आवडी ओरडली, "उतरू नका! एकच वर्ष गेलंय. परत जा, माझं ऐका."

"बाजारात मला तोंड उघडता आलं नाही," तो म्हणाला. मग त्यानं ताफा फिरवला. त्यानं आपलं ऐकलं असं तिला वाटलं. पण अलीकडचा काठ लागल्यावर तो खाली उतरलाच नाही. तसाच उलटा दोर ओढत पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो परत निघाला तेव्हा तो काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं आणि ती पाण्यात उतरली.

दोन्ही काठांवर लोक जमले. सुरुवातीला कुणी हसलं. दुपारपर्यंत मल्हारीच्या कानशिलांवर पांढरं दिसू लागलं आणि हसणारे गप्प झाले. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. प्रत्येक काठाला तो आता थांबू लागला, दम खाऊ लागला. त्याचे खांदे आवडीच्या डोळ्यांदेखत खाली येत होते.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. "पुरे आता! पाया पडते तुमच्या!"

"थोडीच राहिलीत," तो म्हणाला. त्याचा आवाजही बदलला होता.

ऊन कलल्यावर तो अलीकडून शेवटचा निघाला आणि मधोमध अडकला. त्याचे हात दोरावरून सुटले. ताफा प्रवाहात तिरका झाला, आणि मल्हारी गुडघ्यांवर कोसळून दोराला केवळ कोपरानं अडकून राहिला. पाणी त्याच्या तोंडावरून जाऊ लागलं.

आवडीनं दोर धरून ओढला. तिच्यानं तो हलेना. "भिवाजीदादा, धरा!" ती ओरडली. भिवाजी आपल्या हातांकडे बघत उभा राहिला. कुणीच पुढे झालं नाही.

तेवढ्यात दारातून कौतिका बाहेर आली. ओली बाळंतीण, भिंतीला धरून ती एक एक पाऊल टाकत दोराकडे निघाली. तिचा हात दोराला लागणार, तोच भिवाजीनं तिला मागे सारलं आणि स्वतः दोर धरला. मग त्याच्या मागे दुसरा आला, तिसरा आला. अलीकडच्या लोकांनी आपल्या टोकाकडून दोर सैल सोडला. ताफा हळूहळू सरकू लागला.

तो काठाला लागला तेव्हा मल्हारी हलत नव्हता. लोक पुढे झाले, पण आवडीनं त्यांना थांबवलं. तिनं एक हात त्याच्या मानेखाली घातला, डोकं आधी उचललं, मग खांदे, आणि अलगद त्याला बाहेर ओढून मांडीवर घेतलं. तो पांढऱ्या केसांचा, सुरकुतलेला, चिंब ओला होता. तिनं बोटानं त्याच्या तोंडातलं पाणी काढलं, नाक पुसलं, त्याला कुशीवर वळवून पाठीवर थाप मारली, आणि कान लावून वाट पाहिली. सगळा काठ श्वास रोखून उभा होता. तिनं दुसरी थाप मारली. तेव्हा त्यानं श्वास ओढला, डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून मोठ्यानं रडू लागला.